हातोडा उचलणाऱ्याचं नाव

पूर्वी काशीराष्ट्रात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाराणसीच्या ओतारगल्लीत, कासं ओतणाऱ्यांच्या कुळात जन्मला. त्याचं नाव कंसपाल ठेवलं होतं. वयात आल्यावर तो त्या गल्लीतल्या सर्वांत मोठ्या ओतशाळेचा मुख्य झाला. त्याच्या हाताखाली अकरा माणसं होती आणि ती सगळी त्याला 'थोरले' म्हणत. त्याच्यासारखी घंटा ओतणारा गंगेच्या दोन्ही तीरांवर नाही, असं सगळे मानत. तो स्वतः तर जरा जास्तच मानत असे.

बोधिसत्त्व म्हटलं की लोकांना वाटतं, जन्मल्यापासून शांत असणार, गोड बोलणार. या जन्मी तसं नव्हतं. मन वाईट नव्हतं त्याचं. कुणाच्या घरी आजारपण आलं तर सगळ्यांच्या आधी हाच दारात उभा राही. पण भट्टीजवळ आला की समोरचा माणूस त्याला दिसत नसे, चुकायला टपलेला एक हात तेवढा दिसे. मग तो असं काही बोले की माणूस दिवसभर मान वर करत नसे. संध्याकाळी तो ते विसरून जाई आणि त्याला वाटे, सगळेच विसरले.

घंटा ओतायची म्हणजे आधी मेणाची घंटा करायची. तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, माती भाजून मेण काढून टाकायचं, आणि राहिलेल्या पोकळीत काशाचा रस ओतायचा. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. साचा हाडासारखा कोरडा हवा, आणि रस नेमक्या रंगाला आला की ओतायला हवा. तो रंग पळसाच्या फुलाचा. पळस येऊन गेला, रस हळदीवर आणि पुढे पांढऱ्यावर गेला, की जळाला म्हणायचं. रंग नीट कळावा म्हणून ओतशाळेत भर दुपारीही अंधार ठेवत. साचा ओला राहिला तर घंटेच्या अंगात बारीक भोकांची जाळी पडते. रस जळाला तरी तशीच जाळी पडते. घंटा फुटल्यावर नुसतं बघून दोन्हींतली कोणती चूक झाली, ते कुणालाही सांगता येत नाही.

म्हणूनच त्या गल्लीत हातोड्याचा रिवाज पडला होता. ओतकाम बिघडलं की ते अंगणात ठेवायचं. सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. मुख्याने हातोडा उचलायचा, ज्याच्या हातून चूक झाली त्याचं नाव घ्यायचं, आणि घाव घालायचा. मग त्या माणसाने ते तुकडे पाटीत भरून डोक्यावर घ्यायचे आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून यायचं. ज्याचं नाव तीनदा आलं तो श्रेणीतून, म्हणजे ओतणाऱ्यांच्या संघातून, बाहेर. त्याला मग कोणत्याही नगरात कुणी भट्टीपाशी उभं करत नसे.

अठरा वर्षं बोधिसत्त्वाने तो हातोडा उचलला. त्या अठरा वर्षांत त्याच्या तोंडून स्वतःचं नाव एकदाही आलं नाही. यात काही विचित्र आहे असं ना त्याला वाटलं, ना कुणी बोललं.

त्या ओतशाळेत मातीचं काम सोमिल नावाचा माणूस बघे. अबोल, सावकाश, कामाला चोख. साचा वाळला की नाही हे बघायला तो आपला गाल साच्याला लावून डोळे मिटून बसे. जिथे ओल असे तिथे गालाला गार लागतं, असं तो सांगे. बाकीचे त्याची थट्टा करत. "काय सोमिल, बायकोला सांगू का?" असं म्हणत. सोमिल हसे, पण गाल काढत नसे. बारा वर्षांत त्याचा एकही साचा वाया गेला नव्हता.

मग ओतकामं बिघडू लागली. आधी एका व्यापाऱ्याच्या हत्तीच्या घंटेत जाळी निघाली. बोधिसत्त्वाने हातोडा उचलून म्हटलं, "सोमिल." सोमिलने आश्चर्याने वर पाहिलं, पण पाटी उचलली. वर्षभराने एका समईचं तेच झालं. पुन्हा सोमिल. या खेपेला त्याने तोंड उघडलं.

"थोरले, साचा कोरडा होता. मी चार दिवस गाल लावून पाहिलाय."

"तुझ्या गालाला आता काही कळत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "वय झालं असेल गालाचं."

माणसं हसली. थोरले बोलले की हसायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सोमिल पाटी घेऊन गेला. त्या दिवसापासून तो साच्याला एकदा गाल लावून थांबेनासा झाला. पुन्हा लावी, उठून जाई, परत येऊन लावी. कधी दुसऱ्या कुणाला बोलावून विचारी, "बघ रे, ओल लागते का?" बारा वर्षं कामात मुरलेला जाणता माणूस, आणि कालच कामाला लागल्यासारखा विचारत फिरे. बोधिसत्त्वाला ते दिसलं. त्याला वाटलं, बरं झालं, निदान आता काळजी तरी घेतोय.

त्याच सुमारास राजाने सभागृहाच्या दारासाठी मोठी घंटा सांगितली. ही घंटा चांगली वाजली तर कंसपालाला नगरातल्या सगळ्या धातूकामाच्या श्रेणींचा प्रमुख करायचं, असंही राजाने बोलून दाखवलं. सोमिलने साचा केला आणि जपून जपून तीन आठवडे वाळवला. ओतायच्या दिवशी बोधिसत्त्व कासं वितळवायच्या मुशीपाशी उभा राहिला. भात्यावर पुण्णक नावाचा माणूस होता. तो वीस वर्षं भाता ओढत होता आणि भट्टीच्या सर्वांत जवळ तोच असे.

"भाता मार," बोधिसत्त्व म्हणाला.

पुण्णकाने रसाकडे पाहिलं आणि भाता मारला.

"अजून. पळस आलेला नाही."

पुण्णकाने पुन्हा रसाकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि भाता मारला.

घंटा साच्यातून काढली तेव्हा तिच्या अंगभर जाळी होती. वाजवून पाहिली तर मडक्यासारखा आवाज आला. बोधिसत्त्वाने हातोडा उचलला. सगळ्यांना नाव माहीत होतं. सोमिलची बायको चंपा कुंपणाबाहेर उभी होती, तिलाही माहीत होतं.

"सोमिल," बोधिसत्त्व म्हणाला आणि घाव घातला.

सोमिल अगदी हळू म्हणाला, "असेल. असेलही ओला." त्याने तुकडे भरले. पाटी इतकी जड होती की दोघांनी ती त्याच्या डोक्यावर चढवली. गल्ली चालून आल्यावर त्याने पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं घर रिकामं होतं.

राजाने आणखी एक संधी दिली. नवा माणूस मातीवर आला, पण बोधिसत्त्वाचा आता कुणावर विश्वास राहिला नव्हता. प्रत्येक लेप त्याने स्वतः दिला. भाजणी स्वतः केली. दोन महिने साचा वाळवला. ओतायच्या आदल्या दिवशी साचा हलक्या हाताने वाजवला तर तो खणखणत होता. इतका कोरडा साचा आपण आयुष्यात पाहिला नाही, असं त्याला वाटलं.

घंटा निघाली. तिच्या अंगावर तीच जाळी होती.

ती अंगणात ठेवली गेली. अकरा माणसं भोवती उभी राहिली. मातीवरचा नवा माणूस पाटी कुठे आहे ते बघत होता. साच्याला त्याचा हात लागलाही नव्हता, तरी आता खापर आपल्याच डोक्यावर फुटणार हे तो धरून चालला होता. बोधिसत्त्वाने हातोडा उचलला. नाव जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्याला आठवलं की साचा आपण केलाय. हातोडा तसाच वर राहिला. तो बराच वेळ वर राहिला, आणि माणसं चुळबुळ करू लागली.

"पुण्णका," तो शेवटी म्हणाला, "रस ओतला तेव्हा रंग कोणता होता?"

पुण्णकाने शेजारच्या माणसाकडे पाहिलं.

"मी तुला विचारतोय."

"पांढरा, थोरले," पुण्णक म्हणाला. "पळस येऊन गेला होता. हळद येऊन गेली होती. तुम्ही भाता मार म्हणालात."

बोधिसत्त्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने बाकीच्या दहा जणांकडे पाहिलं. ते ऐकून कुणी तरी चमकेल, कुणी तरी पुण्णकाला गप्प करेल, असं त्याला वाटलं होतं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मग तो पुन्हा पुण्णकाकडे वळला.

"किती दिवस असं होतंय?"

"दोन वर्षं होत आली."

"आणि तू बोलला नाहीस?"

"एकदा बोललो होतो. तुम्ही विचारलंत, थोरला कोण, तू की मी? महिनाभर मला त्यावरून बोलत होतात. मग कशाला तोंड उघडायचं?"

"सोमिल गेला, तेव्हाही?"

"खरं सांगू का? तुम्ही त्याचं नाव घेतलंत तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, माझं नाही घेतलं."

बोधिसत्त्वाने हातोडा खाली ठेवला. घाव न घालता हातोडा खाली ठेवल्याचं गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने एक लहानसा दिवा ओतायला घेतला. तो भट्टीकडे पाठ करून उभा राहिला आणि पुण्णकाला म्हणाला, "पळस आला की तू सांग." पुण्णकाने सांगितलं, रस ओतला गेला, आणि दिवा असा निघाला की त्यात टाचणीएवढंही भोक नव्हतं. मग बोधिसत्त्व बाहेर उन्हात आला आणि धोब्याने वाळत घातलेल्या पांढऱ्या वस्त्रांकडे बघत बसला. त्याला ती सगळी पिवळट दिसत होती. भट्टीतला पांढरा रसही त्याला असाच मळून पळसासारखा दिसत आला होता. कितीतरी दिवस त्याला जग असंच मळकट दिसत होतं. लोक हल्ली नीट धुवत नाहीत, असं तो समजून चालला होता.

ही गोष्ट ओतणाऱ्यांच्या श्रेणीचा प्रमुख नंदिसेन याच्या कानावर गेली. तो शहाणा, व्यवहारी माणूस होता. असे लोक दुष्ट नसतात, म्हणून त्यांचं ऐकणं सोपं जातं.

"डोळे म्हातारे झाले तर झाले," नंदिसेन म्हणाला. "पुण्णकाचे डोळे वापर, नाव तुझं राहू दे. राजाची घंटा होईल, तू प्रमुख होशील, गल्लीचं नाव होईल. यात कुणाचं काय बिघडलं?"

"सोमिलचं बिघडलं."

"तो गेला रे. गेलेल्या माणसाचं काय घेऊन बसलास? आणि हे बाहेर पडलं तर उद्या कोणता मुख्य हातोडा उचलायला धजेल? प्रत्येक जण विचारील, कशावरून तुझीच चूक नाही?"

"विचारू दे ना," बोधिसत्त्व म्हणाला.

नंदिसेनाने पुष्कळ समजावलं. बोधिसत्त्वही घरी जाऊन विचार करत राहिला. खोटं कशाला सांगू, मोह त्यालाही झाला. अठरा वर्षांचं नाव होतं. आणि नंदिसेन म्हणत होता त्यात खोट काढायला जागा नव्हती, फक्त एक माणूस त्यातून वगळलेला होता. तो माणूस बोधिसत्त्वाला वगळता येईना.

तिसऱ्या दिवशी त्याने साऱ्या गल्लीला अंगणात बोलावलं. घंटा तिथेच होती. त्याने हातोडा उचलला आणि म्हणाला, "हत्तीची घंटा, कंसपाल. समई, कंसपाल. राजाची पहिली घंटा, कंसपाल. आणि ही, कंसपाल." मग घाव घातला. "सोमिलचे साचे कोरडे होते," तो म्हणाला. "माझे डोळे गेले होते. आणि मला ते कुणी सांगू शकणार नाही अशी सोय मीच करून ठेवली होती. डोळे गेले हा माझा दोष नाही. दुसरी गोष्ट माझीच."

त्याने तुकडे पाटीत भरले. पाटी उचलायला कुणी पुढे येईना, कारण थोरल्यांच्या डोक्यावर पाटी कशी चढवायची हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटी नव्या मातीवाल्याने हात लावला. बोधिसत्त्व गल्ली चालला. काही जण दारं लावून आत गेले. दोघं-तिघं हसले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. चालून आल्यावर त्याने पुण्णकाच्या हाती हातोडा दिला.

"आता तू मुख्य. एक कर. हातोडा उचललास की आधी स्वतःच्या हातून काय चुकलं ते सांग. मग दुसऱ्याचं नाव घे."

पुण्णक रडला आणि हो म्हणाला. पुढे त्याने राजाची घंटा ओतली, ती उत्तम वाजली. दोन वर्षं त्याने नवा रिवाज पाळला. मग कामं वाढली, वेळ पुरेना, आणि दर वेळी स्वतःचं काय सांगायचं हेही सुचेना. तिसऱ्या वर्षी हातोडा उचलल्यावर पुन्हा एकच नाव ऐकू येऊ लागलं, आणि ते पुण्णकाचं नसे.

बोधिसत्त्व सोमिलला शोधत निघाला. तो दोन दिवसांच्या वाटेवर एका वीटभट्टीच्या गावात सापडला. श्रेणीबाहेरच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? सोमिल चिखल तुडवत होता. बोधिसत्त्वाने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, "श्रेणीने तुझं नाव धुऊन दिलंय. परत चल. तुझी जागा रिकामी आहे."

सोमिल चिखलातून बाहेर आला नाही.

"तुम्ही सांगितलंत, बरं केलंत," तो म्हणाला. "तुमचं ओझं उतरलं असेल."

"तुझं?"

"माझं वेगळं आहे. पहिल्यांदा नाव घेतलंत तेव्हा मला माहीत होतं की साचा कोरडा आहे. दुसऱ्यांदाही माहीत होतं. पण तुम्ही म्हणालात, तुझ्या गालाला कळत नाही, आणि सगळे हसले. मग मी गाल लावायचो आणि मला खरंच कळेनासं झालं. गार लागतंय की मलाच तसं वाटतंय, कळेचना. आता इथे साधी वीट असते. वाळली की नाही हे मी चार जणांना विचारतो. लोक हसतात." त्याने हाताचा चिखल पुसला. "डोळे तुमचे गेले होते. तुम्ही माझा गाल नेलात. तो श्रेणी कुठून परत देणार?"

बोधिसत्त्वाने क्षमा मागितली.

"ते राहू द्या," सोमिल म्हणाला. "क्षमा केली म्हणेन आणि रात्री झोप येणार नाही. नाही केली म्हटलं तर चंपा म्हणेल, म्हातारा माणूस दोन दिवस चालून आला. चिखल तुडवायचा असेल तर तुडवा. माणूस कमी आहे."

बोधिसत्त्व चिखलात उतरला. तो त्या गावात अकरा वर्षं राहिला. पुढे त्याची दृष्टी पूर्ण गेली, तरी पायांनी चिखल तुडवता येत होता. विटांचा घाणा बिघडला आणि भट्टीवरची माणसं भांडू लागली की तो आधी म्हणे, "माझ्या तुडवण्यात खडा राहिला असेल, बघा." कधी खरोखर राहिलेला असे, कधी नसे. हळूहळू बाकीचेही आधी आपापलं बघायला लागले, आणि त्या भट्टीवर भांडणं कमी झाली. सोमिल त्याच्याशी कामापुरतं बोले. दुपारी चंपाने आणलेल्या भाकरीतली अर्धी तो त्याच्यापुढे ठेवी. पण अकरा वर्षांत त्याने त्याला पुन्हा कधी 'थोरले' म्हटलं नाही, आणि वाळलेल्या मातीला पुन्हा कधी गाल लावला नाही.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका विहारातल्या चीवर, म्हणजे भिक्खूंची वस्त्रं, शिवण्याच्या शाळेत सांगितली. त्या शाळेचं काम थेर जोतिय हे ज्येष्ठ भिक्खू बघत असत. टाका वाकडा गेला की दोष नेहमी दुसऱ्याचा निघे, आणि त्याला कंटाळून पियाल नावाचा एक चांगला शिवणारा भिक्खू चार दिवसांपूर्वी विहार सोडून गेला होता. कथा ऐकता ऐकता जोतियांनी मान खाली घातली. तो मुख्य ओतारी आपणच, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

शास्ता म्हणाले, "जोतिया, मान वर कर. कंसपाल तू नव्हेस. तो मी होतो. नंदिसेन म्हणजे आज तुम्हाला चीवराचं कापड देणारा श्रेष्ठी. सोमिल म्हणजे पियाल. आणि सगळं दिसत असताना गप्प राहिलेला, मग हातात हातोडा आल्यावर तोच जुना घाव घालणारा पुण्णक तू होतास."

जोतियांनी मान वर केली.

"त्या दिवशी अंगणात मी स्वतःचं नाव घेतलं," शास्ता म्हणाले, "त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात. ती मला पुढच्या जन्मांत उपयोगी पडली. सोमिलला तिचा काही उपयोग झाला नाही. तिला दोन वर्षं उशीर झाला होता. तुला अजून चारच दिवस उशीर झाला आहे."